फुलराणी घडली कशी?

'ती फुलराणी'तील मंजुळेने भक्ती बर्वे हे नाव मराठी घराघरांत पोहोचवले. पण ते यश एका रात्रीचे नव्हते. बालरंगभूमी, आकाशवाणी, प्रायोगिक नाटक आणि नव्याने सुरू झालेले दूरदर्शन अशा चार शाळांतून ही अभिनेत्री घडत गेली. एका तरुण अभिनेत्रीच्या उमेदवारीच्या वर्षांचा हा मागोवा.

मराठी रंगभूमीवर काही भूमिका अशा आहेत, की त्यांचे नाव घेताच एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तील मंजुळा साळुंके ही त्यांपैकी एक. १९७५ साली हे नाटक रंगमंचावर आले, तेव्हा मंजुळा साकारणाऱ्या भक्ती बर्वे सव्वीस वर्षांच्या होत्या. समोर प्रा. अशोक जहागीरदारांच्या भूमिकेत सतीश दुभाषी यांच्यासारखा कसलेला नट होता. लेखक आणि दिग्दर्शक स्वतः पु. ल. होते. नाटक तुफान चालले आणि 'फुलराणी' हे जणू त्या अभिनेत्रीचेच दुसरे नाव होऊन बसले.

अशा यशाविषयी बोलताना आपल्याकडे 'एका नाटकाने तारका केले' असे म्हणण्याची पद्धत आहे. ते ऐकायला बरे वाटते, पण खरे नसते. सव्वीस वर्षांच्या मुलीने पहिल्या अंकात रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीचा ठसका आणि शेवटच्या अंकात घासूनपुसून तयार केलेली नागर मराठी, अशी दोन्ही टोके सारख्याच सहजतेने पेलावीत, हे केवळ उपजत गुणांवर होत नाही. त्यामागे तालीम असते. भक्ती बर्वे यांच्या बाबतीत ही तालीम कोणत्या एका नाट्यशाळेत झाली नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांतील मुंबई शहर हीच त्यांची शाळा होती.

पहिली शाळा : बालरंगभूमी

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीत झाला. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली याच गावात 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला आणि मराठी नाटकाचा इतिहास तेथून मोजला जाऊ लागला. परंतु भक्ती बर्वे यांना रंगमंचाची ओळख खऱ्या अर्थाने झाली ती मुंबईत, सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'मध्ये.

सुधा करमरकर यांनी १९५९ साली रत्नाकर मतकरी यांच्या 'मधुमंजिरी'ने बालनाट्याचा नवा अध्याय सुरू केला. तोपर्यंत मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातील हौस, असाच समज होता. करमरकरांनी मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाइतकीच नेपथ्याची, प्रकाशयोजनेची, संगीताची आणि शिस्तीची जोड दिली. भक्ती बर्वे यांनी उमेदवारीच्या काळात या चळवळीत काम केले. 'चिनी बदाम'सारख्या बालनाट्यांतून त्या रंगमंचावर वावरल्या.

बालनाट्यातून नट काय शिकतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी सभ्यपणे बसून राहतो. फार तर घड्याळाकडे पाहतो. मुले तसे करत नाहीत. कंटाळा आला की ती शेजारच्याशी बोलू लागतात, खुर्चीवर उभी राहतात, पाणी मागतात. रंगमंचावरील पात्रावर त्यांचा विश्वास बसला तर ती ओरडून त्याला धोक्याची सूचना देतात, नाही बसला तर पाठ फिरवतात. अशा प्रेक्षकासमोर खोटे खपत नाही. हालचाल स्पष्ट लागते, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो आणि अद्भुतावर नटाचा स्वतःचा विश्वास असावा लागतो. ज्या मुलीला पुढे फुलवालीचा नखरा हजारभर प्रेक्षकांपुढे उभा करायचा होता, तिच्यासाठी ही पहिली पाटी फार मोलाची ठरली असली पाहिजे.

दुसरी शाळा : आकाशवाणी

त्यानंतरची पायरी आकाशवाणीची. भक्ती बर्वे यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका म्हणून काम केले. आज एफएमवरील अखंड बडबडीची सवय झालेल्या श्रोत्याला त्या काळातील निवेदिकेच्या कामाचे स्वरूप कदाचित कळणार नाही. तेथे प्रत्येक शब्दाला मोल होते. कार्यक्रमाचे नाव, कलावंताचे नाव, रागाचे नाव, वेळ, हे सारे ठरलेल्या सेकंदांत, न अडखळता आणि न घाईने सांगायचे असे. चेहरा नाही, हातवारे नाहीत, वेशभूषा नाही. जे काही सांगायचे ते आवाजाने.

येथे मराठी उच्चारांची एक गंमत लक्षात घ्यायला हवी. आपल्या लिपीत 'च' एकच असला तरी उच्चार दोन आहेत. 'चहा'मधला 'च' वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थी एका तऱ्हेने उच्चारला जातो आणि 'तू जग' म्हणताना दुसऱ्या तऱ्हेने. 'न' आणि 'ण', 'श' आणि 'स', 'ल' आणि 'ळ' यांतील भेद तर प्रमाण मराठीची ओळखच मानले जातात. लिहिलेले वाचताना हे भेद आपोआप येत नाहीत. कानाला त्यांची सवय लागावी लागते. ध्वनिक्षेपकासमोर रोज बसणाऱ्या व्यक्तीला ही सवय लागते, कारण ध्वनिक्षेपक काहीही लपवू देत नाही. श्वास कोठे घेतला, वाक्याचा शेवट गिळला का, अनुस्वार नाकात अडकला का, हे सारे त्यातून ऐकू जाते.

योगायोग असा, की 'ती फुलराणी'चा लेखकही याच जगातून आलेला होता. पु. ल. आकाशवाणीत नोकरीला होते आणि दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १९५९ साली सुरू झाले, तेव्हाच्या आरंभीच्या निर्मात्यांत त्यांची गणना होते. आवाज म्हणजे काय, हे कानाने ओळखणारा लेखक आणि आवाजावरच उमेदवारी केलेली अभिनेत्री यांची गाठ पडणे, ही त्या नाटकाच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट होती, हे पुढे दिसेलच.

तिसरी शाळा : प्रायोगिक रंगमंच

साठचे दशक मराठी रंगभूमीवर प्रयोगांचे होते. १९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन'ने नव्या नाटककारांना आणि नव्या नटांना व्यासपीठ दिले. पुढे १९७१ मध्ये 'आविष्कार' सुरू झाली. याच वातावरणात विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने ब्रेख्तचे 'कॉकेशियन चॉक सर्कल' मराठीत आणले. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी केलेल्या या रूपांतराचे नाव 'अजब न्याय वर्तुळाचा'. भक्ती बर्वे यांनी त्यात काम केले.

ब्रेख्तच्या रंगभूमीचा एक आग्रह असा, की नटाने पात्रात विरघळून जाऊ नये. पात्र दाखवावे, त्याच्याकडे थोडे अंतर राखून पाहावे, प्रेक्षकालाही विचार करण्याची मोकळीक द्यावी. विजया मेहता यांनी या पद्धतीला आपल्या लोकनाट्याच्या मोकळ्या घाटाची जोड दिली. अभिनय म्हणजे भावनेत वाहून जाणे नव्हे, तर भावनेवर ताबा ठेवणे, हा धडा ज्या तरुण नटांना तेथे मिळाला, त्यांचा पुढचा प्रवास त्यामुळे वेगळा झाला. वसंत कानेटकर यांच्या 'अखेरचा सवाल'मध्येही भक्ती बर्वे होत्या. म्हणजे प्रायोगिक आणि व्यावसायिक अशा दोन्ही रंगमंचांवर त्यांचा वावर सुरू झाला होता. त्या काळात या दोन रंगभूमींमधील भिंत आजच्या समजुतीएवढी उंच नव्हती. तोच नट शनिवारी मोठ्या नाट्यगृहात तिकीटविक्रीवर चालणारा प्रयोग करी आणि आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी एखाद्या छोट्या जागेत जेमतेम शंभर प्रेक्षकांसमोर नवे नाटक करी. एकीकडे नाईट मिळे, दुसरीकडे नाटक मिळे.

चौथी शाळा : बातम्या

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. देशातील हे दिल्लीनंतरचे दुसरे केंद्र. पडदा कृष्णधवल, प्रक्षेपणाची वेळ थोडी, दूरचित्रवाणी संच मोजक्या घरांत. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात चपला काढून बसायचे आणि समोर येईल ते शेवटपर्यंत पाहायचे, असा तो काळ. वाहिनी एकच असल्यामुळे त्या पडद्यावरील प्रत्येक चेहरा पाहणाऱ्यांच्या ओळखीचा होऊन जाई. त्यात बातम्या देणाऱ्यांचे चेहरे सर्वांत ठळक. भक्ती बर्वे या आरंभीच्या काळात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत. स्मिता पाटील यांनीही याच केंद्रावर बातम्या दिल्या आणि तेथूनच श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरून त्या चित्रपटात गेल्या. एकाच वृत्तकक्षातून मराठीला दोन मोठ्या अभिनेत्री मिळाल्या, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

बातम्या देणे हे अभिनयाच्या अगदी उलट काम. नटाने भावना व्यक्त करायची, वृत्तनिवेदकाने ती आवरायची. अपघाताची बातमी आणि क्रिकेटची बातमी एकाच समतोलाने सांगायची. प्रक्षेपण थेट, त्यामुळे चूक झाली तर पुन्हा करण्याची सोय नाही. हातात कागद, समोर कॅमेरा. एक नजर ओळीवर आणि एक प्रेक्षकांवर. कॅमेरा जवळ असल्याने भुवई जरा वर गेली तरी घरी बसलेल्या माणसाला दिसते. नाट्यगृहात जी हालचाल शेवटच्या रांगेसाठी मोठी करावी लागते, ती येथे निम्म्याहून लहान करावी लागते.

रंगमंच मोठे करायला शिकवतो आणि कॅमेरा लहान करायला. ज्या नटाला दोन्ही येते, त्याच्याकडे अभिनयाची सारी पट्टी असते. आपल्याकडे पुढे अनेक नट एका माध्यमातून दुसऱ्यात गेले आणि अवघडले, त्याचे कारण हेच. भक्ती बर्वे ही दोन्ही कामे साधारण एकाच काळात करीत होत्या.

मंजुळेची कसोटी

आता 'ती फुलराणी'कडे पाहू. मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन'. १९१३ मध्ये ते प्रथम व्हिएन्नात जर्मन भाषेत सादर झाले आणि १९१४ मध्ये लंडनला आले. लंडनमध्ये एलायझाची भूमिका केली ती मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी. त्या वेळी त्यांचे वय ४९ होते! पुढे १९५६ साली त्यावरून 'माय फेअर लेडी' हे संगीतक ब्रॉडवेवर आले आणि १९६४ साली त्याचा चित्रपट झाला. गुजराती रंगभूमीवरही याच कथेची 'संतु रंगीली' सरिता जोशी यांनी गाजवली.

शॉ यांच्या नाटकाचा गाभा उच्चारशास्त्राचा आहे. लंडनच्या गरीब वस्तीतील मुलगी विशिष्ट तऱ्हेने बोलते, म्हणून समाज तिला दारात उभे करीत नाही. उच्चार बदलला की तीच मुलगी उमरावांच्या मेजवानीत खपून जाते. हे मराठीत आणायचे तर केवळ संवादांचे भाषांतर उपयोगाचे नाही. मराठीतील दरी कोठे आहे, ते शोधावे लागते. पु. लं.नी ती अचूक शोधली. 'पाणी'चे 'पानी', 'शाळा'ची 'साळा' म्हणणारी मराठी आणि ग्रंथांतली मराठी यांच्यामधली ती दरी. ती केवळ ध्वनीची नाही. जातीची, शिक्षणाची आणि पैशाचीही आहे.

म्हणूनच ही भूमिका वरवर दिसते त्यापेक्षा अवघड आहे. मंजुळेचे बोलणे प्रेक्षकांना हसवते. पण ते हसू कोणावर? तिच्या 'चुकां'वर हसायचे, की तिला चूक ठरवणाऱ्या प्राध्यापकाच्या ताठ्यावर? भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'पानी' म्हणणे ही चूक नाही, तो बोलीचा नियम आहे. महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे तसेच बोलतात आणि त्यांचे काही अडत नाही. नटीने मंजुळेचे केवळ व्यंगचित्र केले, तर मध्यमवर्गीय प्रेक्षक आपल्या मोलकरणीच्या बोलण्याला हसल्यासारखा हसेल आणि नाटक हीन होईल. तिने ती अति करुण केली, तर विनोद मरेल. मधली वाट एकच. मंजुळा स्वतःला कधीच हास्यास्पद वाटता कामा नये. तिची भाषा तिच्या तोंडात स्वाभाविक, ठसठशीत आणि तिच्या पुरती संपूर्ण असली पाहिजे.

भक्ती बर्वे यांनी हे साधले. येथे एक विरोधाभास लक्षात येतो. आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर ज्यांचा आवाज प्रमाण मराठीचा नमुना मानावा असा, त्याच बाई रंगमंचावर त्या प्रमाण मराठीची फिरकी घेणारी पोर झाल्या होत्या. घरी पडद्यावर शांतपणे बातम्या देणारा चेहरा नाट्यगृहात कंबरेवर हात ठेवून भांडताना पाहणे, यातही तेव्हाच्या प्रेक्षकाला काही वेगळी मौज वाटली असेल. पण मौजेपलीकडचा मुद्दा असा, की नियम पक्का ठाऊक असल्याशिवाय तो नेमका मोडता येत नाही. कोणत्या शब्दावर उच्चार घसरवायचा, शिकत असलेली मंजुळा अर्धवट कोठे सुधारते आणि रागाच्या भरात पुन्हा मूळ बोलीवर कोठे येते, हे टप्पे कानाच्या शिस्तीशिवाय दाखवता येत नाहीत.

नाटकातील मंजुळेचे गाजलेले स्वगत हे याचे उत्तम उदाहरण. प्राध्यापकाच्या छळाला कंटाळलेली ही मुलगी एकटी असताना त्याचा सूड घेण्याची स्वप्ने रंगवते. शॉ यांच्या मूळ नाटकात असे स्वगत नाही. या जातीचे गाणे 'माय फेअर लेडी'त आहे. भक्ती बर्वे यांच्या आवाजातील हे स्वगत आजही ऐकायला मिळते. लक्षपूर्वक ऐकले तर जाणवते, की त्यात नुसता राग नाही. आधी रडवेपण आहे, मग डिवचलेला अभिमान, मग कल्पनेतल्या विजयाची लहान मुलासारखी मजा. बालरंगभूमीवरचे अद्भुत, आकाशवाणीचा श्वास, ब्रेख्तचे अंतर आणि कॅमेऱ्याने शिकवलेली बारीक नजर, सारे काही त्या काही मिनिटांत एकत्र आले आहे.

यशाची दुसरी बाजू

एवढ्या लवकर एवढी मोठी भूमिका मिळणे हे भाग्य खरे, पण त्याची किंमतही असते. प्रेक्षक नटाला पुन्हा पुन्हा त्याच रूपात पाहू इच्छितो. भक्ती बर्वे त्या चौकटीत अडकून पडल्या नाहीत. 'हँड्स अप', 'रंग माझा वेगळा', 'आई रिटायर होते' अशी वेगवेगळ्या धाटणीची नाटके त्यांनी केली. 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये त्या कस्तुरबा झाल्या. दूरदर्शनसाठी त्यांनी बहिणाबाई चौधरी साकारल्या. येथेही पुन्हा प्रमाण मराठीबाहेरची, खानदेशची बोली होती. 'जाने भी दो यारो' या १९८३ च्या चित्रपटातील संपादिका शोभा सेन हिंदी प्रेक्षकांच्या आजही लक्षात आहे. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही त्यांच्या एकपात्री कार्यक्रमाचे नाव होते 'पु. ल., फुलराणी आणि मी'. त्या नावाशी त्यांनी भांडण केले नाही, ते सोबत घेऊन चालल्या. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईकडे परतताना द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५२.

आजची वाट

मंजुळा त्यानंतरही रंगमंचावर येत राहिली. प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा अभिनेत्रींनी वेगवेगळ्या काळात ही भूमिका केली. दरम्यान माध्यमांचे जग पार बदलले. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आणि २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी' या खासगी वाहिन्या सुरू झाल्या आणि मालिकांचे युग आले. आज अनेक तरुण अभिनेत्रींची ओळख आधी मालिकेतून होते आणि ती ओळख घेऊन त्या नाटकात येतात. नाटकाच्या जाहिरातीत मालिकेतील नाव कंसात छापले जाते. यात वाईट काही नाही. मालिकेने नटांना नियमित उत्पन्न दिले, जे नाटकाच्या नाईटवर कधी भागत नव्हते.

परंतु उमेदवारीचा काळ मात्र आखडला. मालिकेत चित्रीकरणाच्या दिवशी हाती येणारा संवाद पाठ करून लगेच कॅमेऱ्यासमोर जावे लागते. बोलण्याची ढब पहिल्या आठवड्यात ठरते आणि पुढे शेकडो भाग तीच चालते. चुका करायला, आवाज घासायला, लहान मुलांसमोर फजिती करून घ्यायला वेळच उरत नाही. भक्ती बर्वे यांना तो वेळ मिळाला, कारण तेव्हा प्रसिद्धीची घाई करण्याएवढी साधनेच नव्हती.

दरवर्षी कोठल्या ना कोठल्या शाळेत, महाविद्यालयात, अभिनय स्पर्धेत एखादी मुलगी मंजुळेचे ते स्वगत म्हणायला उभी राहते. पदर खोचते, कंबरेवर हात ठेवते आणि पहिल्या वाक्यापासून टिपेचा सूर लावते. टाळ्याही मिळतात. तिला कोणीतरी सांगायला हवे, की बाळ, हा राग शेवटी येतो. त्याआधी संपूर्ण नाटक वाच. मंजुळा रागवायच्या आधी कशी बोलते, ते शोध. बातम्या मोठ्याने वाचून बघ, लहान मुलांना गोष्ट सांगून बघ. मग पुन्हा उभी राहा. तेवढी वाट चालल्यावर ती मंजुळा भक्ती बर्वे यांची नक्कल राहणार नाही, तिची स्वतःची होईल.